पाव आणतो, पाव आणीन, पाव आणणार: इंग्रजी भविष्यकाळ कसा बांधायचा

सकाळी पोदेर (घरोघरी पाव आणून देणारा) फिरकला नाही. घरातून कोणीतरी ओरडतं, “आज पाव नाही!” मराठीत यावर तीन सरळ उत्तरं आहेत. “थांब, मी आणतो.” “आणीन मी नंतर.” “माहीत आहे, मी आणणारच आहे.” तिन्हींत पाव अजून यायचाच आहे, म्हणजे गोष्ट पुढचीच. पण पहिल्यात क्रियापद वर्तमानकाळाचं, दुसऱ्यात भविष्यकाळाचं आणि तिसऱ्यात “णार”चं. बोलताना यातलं कुठलं घ्यायचं याचा आपण क्षणभरही विचार करत नाही.

आता पहिलं उत्तर शब्दाला शब्द लावून इंग्रजीत न्या: “आय ब्रिंग द ब्रेड.” ऐकणाऱ्याला वाटेल, पोदेर तुम्हीच! इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ सवय सांगतो, नाहीतर धंदा. तिथे हवं होतं, “आय’ल गेट सम ब्रेड.”

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोंकणीतून चालतात आणि पाचवीपासून बहुतेक मुलांचं माध्यम इंग्रजी होतं. मग बारा काळांचा तक्ता पाठ करून घेतला जातो. तक्त्यातली रूपं मुलांना येतात, पण बोलताना ती भलत्या जागी पडतात, कारण रूप कसं करायचं हे तक्ता सांगतो, कधी वापरायचं ते सांगत नाही. रूप सोपं आहे, ते आधी उरकू.

रूप: “विल” आणि पुढे नुसतं क्रियापद

इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा प्रत्ययच नाही. मराठीत “जा” या धातूची जाईन, जाशील, जाईल, जाऊ, जाल, जातील अशी सहा रूपं होतात. कोंकणीत “हांव येतलों”, “ती येतली” असं रूप बदलतं. इंग्रजीत “गो”पासून चालू काळाचं “गोज” होतं, भूतकाळाचं “वेंट” होतं, पुढच्यासाठी मात्र काहीच नाही. म्हणून ती भाषा उसनवारी करते. कधी “विल” घेते, कधी “गोइंग टु”, कधी सरळ वर्तमानकाळच पुढे ढकलते. एका भविष्यकाळाऐवजी चार-पाच वाटा दिसतात त्या यामुळे.

“विल”चा जुना अर्थ “इच्छा असणे”. मृत्युपत्राला इंग्रजीत “विल” म्हणतात आणि मराठीत इच्छापत्र, त्यात तो अर्थ अजून शाबूत आहे. “शॅल”चा जुना अर्थ “देणं लागणे, भाग असणे”. हे दोन जुने अर्थ ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

बांधणी अशी: कर्ता, मग “विल”, मग क्रियापदाचं मूळ रूप. “शी विल कम.” मूळ रूप म्हणजे अगदी नुसतं. त्याला “एस” नाही, “आयएनजी” नाही, भूतकाळ नाही, मध्ये “टु” नाही. “ही विल गोज”, “शी विल टु कम”, “दे विल केम” ही तिन्ही वाक्यं उत्तरपत्रिकांत हमखास सापडतात आणि तिन्हींमागे कारण एकच: “विल”ने काळ सांगितल्यावरही मुख्य क्रियापदाला पुन्हा काहीतरी चिकटवायची सवय. मराठीत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. “विल” स्वतःही कर्त्याप्रमाणे बदलत नाही. आय, यू, शी, दे, सगळ्यांना तेच.

प्रश्न करताना “विल” उचलून कर्त्याच्या आधी ठेवायचं: “विल शी कम?” नकारात त्याच्यामागे “नॉट”, आणि बोलताना दोन्ही मिळून “वोन्ट”. “विल”चं “वोन्ट” कसं झालं? मध्ययुगीन इंग्रजीत याच क्रियापदाचं “वोल” असंही रूप चालायचं. ते स्वतः गेलं, नकारात उरलं.

इथे उच्चाराकडे नीट लक्ष द्या. “वोन्ट” म्हणजे करणार नाही, आणि “वॉन्ट” म्हणजे हवं आहे. पहिल्यात “ओ” लांबवायचा, “डोन्ट”सारखा. आपल्याकडे दोन्ही “वॉन्ट” असेच उच्चारले जातात, आणि मग नकार द्यायला गेलेला माणूस मागणी करून परत येतो. जातीचा “जा” आणि जाळ्याचा “जा” वेगळा काढणारी जीभ आपली; दोन दिवस घोकलं की हाही फरक जमतो.

होकारात “विल” बोलताना “’ल” एवढंच उरतं: आय’ल, ही’ल, दे’ल. हा “ल” इतका पुसट असतो की इंग्रजी सिनेमा ऐकताना “आय’ल कॉल यू” हे आपल्याला “आय कॉल यू” असं ऐकू येतं, आणि तसंच बोललं जातं. पण तो “ल” बोलणाऱ्याच्या तोंडात असतो. तुमच्याही तोंडात असू द्या.

खरा प्रश्न: हे ठरलं कधी?

मराठी भविष्यकाळात आपण मुख्यतः खात्री मोजतो. “येईन” थोडं सैल, “येणार” पक्कं, “येतोच” त्याहून पक्कं. लग्नाला बोलावल्यावर कोणी “येईन” म्हणालं तर यजमान त्याचं ताट धरतो, पण मनात एक शंका ठेवून. इंग्रजी खात्री वेगळ्या शब्दांनी सांगते. कुठलं रूप घ्यायचं ते ठरवताना ती आधी विचारते: हा निर्णय झाला कधी, आणि कोणाकोणात?

आत्ता, बोलता बोलता झाला असेल तर “विल”. पाव नाही हे मला आत्ताच कळलं आणि मी उठलो: “आय’ल गेट सम.” फोन वाजला आणि मी म्हणालो, मी घेतो: “आय’ल गेट इट.” दुकानात दोन साड्या पाहिल्या आणि एक निवडली: “आय’ल टेक धिस वन.” मदतीची तयारी, वचन, धमकी, सगळं याच खात्यात, कारण बोलण्याच्या क्षणी बोलणाऱ्याची इच्छा उमटते. “विल”चा जुना अर्थ तो हाच.

निर्णय आधीच झालेला असेल, पण आपल्या डोक्यातच असेल, तर “बी गोइंग टु”. पाव नाही हे मला आधीच माहीत होतं, चप्पल पायात घालूनच बोलतोय: “आय नो, आय’म गोइंग टु गेट सम.” मराठीत ही जागा नेमकी “णार आहे”ची. “या चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट) मी बांधणार आहे” हा बेत आहे, म्हणून “आय’म गोइंग टु”.

निर्णय आधीच झाला, दुसऱ्या माणसाशी बोलणं झालं, तिकीट काढलं, वेळ घेतली, तर चालू वर्तमानकाळ: “आय’म मीटिंग द डॉक्टर ऑन मंडे.” “वुई’आर शिफ्टिंग टु फोंडा नेक्स्ट मंथ.” इथे वेळेचा शब्द लागतोच, निदान संदर्भातून तरी कळला पाहिजे. तो नसेल तर ऐकणाऱ्याला वाटतं, गोष्ट आत्ताच चालू आहे. आणि जे कोणाच्या हातात नाही त्याला हे रूप लावायचं नाही. पावसाने कोणाची वेळ घेतलेली नसते, म्हणून “इट इज रेनिंग टुमॉरो” चूक.

निर्णय माणसाने नव्हे, वेळापत्रकाने केला असेल तर साधा वर्तमानकाळ. “द फेरी लीव्ह्ज ॲट सेव्हन.” “द एक्झाम स्टार्ट्स ऑन मंडे.” फेरी, रेल्वे, परीक्षा, सिनेमाचा खेळ, दुकान उघडण्याची वेळ, बस एवढंच. माणसाच्या बेताला हे रूप लावलं की वाक्य लंगडतं. “टुमॉरो आय गो टु म्हापसा” हे आपल्या “उद्या म्हापशाला जातो”चं थेट भाषांतर आहे. शुक्रवारच्या बाजाराला जायचं तुमचं ठरलंय, तर “आय’म गोइंग टु म्हापसा टुमॉरो” म्हणा.

या शेवटच्या वाक्यातलं “गोइंग टु” आणि वरचं “गोइंग टु” एकच नाही. “टु”च्या पुढे जागेचं नाव आलं तर ते खरंखुरं जाणं आहे. पुढे क्रियापद आलं तर जाणं नाही, नुसता बेत आहे: “आय’म गोइंग टु स्लीप” म्हणणारा माणूस पलंगावरच असू शकतो. “जाणे” या क्रियापदातून भविष्यकाळ काढण्याची ही युक्ती एकट्या इंग्रजीची नाही. पोर्तुगीज क्रियापदाला भविष्याचा स्वतःचा प्रत्यय आहे, तरी बोलताना लोक “वो फालार” म्हणतात, म्हणजे शब्दशः “जातो बोलायला”, अर्थ “बोलणार आहे”. जुन्या पिढीतलं कोणी पोर्तुगीज शिकलेलं घरात असेल तर विचारून पाहा.

“करतो” आणि “बघतो” यांचं काय करायचं

मराठी माणसाच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त चुका होतात त्या “विल” जास्त वापरल्याने नव्हे, तर हवं तिथे गाळल्याने. कारण आपल्या तोंडी वचनाचं रूप वर्तमानकाळाचं असतं: पाच मिनिटांत फोन करतो, उद्या पैसे देतो, मी सोडतो तुला स्टँडवर. यातलं एकही वाक्य चालू काळाबद्दल नाही. इंग्रजीत प्रत्येकाला “विल” लागेल: आय’ल कॉल यू इन फाइव्ह मिनिट्स, आय’ल पे यू टुमॉरो, आय’ल ड्रॉप यू ॲट द बस स्टँड. काही जण “आय ॲम कॉलिंग यू इन फाइव्ह मिनिट्स” म्हणतात. ते आदेशासारखं वाटतं, की पाच मिनिटांनी फोन येणार आहे, तयार राहा.

तपासणी सोपी आहे. मराठी वाक्यातल्या “करतो”च्या आधी “रोज” घालून पाहा. “रोज फोन करतो” असा अर्थ तुम्हाला अभिप्रेत असेल तर इंग्रजीतही साधा वर्तमानकाळ. नसेल तर “विल”.

दोन शब्दांचं भाषांतर करायचंच नाही. निघताना आपण “येतो” म्हणतो. “जातो” म्हणणं अशुभ. “आय’ल कम” म्हटलं तर पाहुणा गोंधळेल, कारण तुम्ही तर निघालात. तिथे “आय’म ऑफ देन” किंवा “आय शुड बी गोइंग”. आणि कचेरीतलं “बघतो”. याचं शब्दशः “आय’ल सी” होतं, आणि नशिबाने इंग्रजीतही “आय’ल सी” तितकंच पोकळ आहे. खरोखरच चौकशी करणार असाल तर “आय’ल लुक इनटु इट” म्हणा.

“वोन्ट”मधली इच्छा तर यंत्रांनाही लागते. “द स्कूटर वोन्ट स्टार्ट” म्हणजे स्कूटर उद्या चालू होणार नाही असं नव्हे. आत्ता, पावसात भिजून, किक मारून मारून पाय दुखला तरी ती चालू व्हायला तयार नाही. मराठीतही आपण “तयार नाही” असंच म्हणतो, जणू स्कूटरला मन आहे. हा भविष्यकाळ नाहीच, नकार आहे.

अंदाज

ठरवाठरवीच्या बाहेरचं एक खातं म्हणजे अंदाज. डोळ्यांसमोर पुरावा असेल तर “गोइंग टु”: मांडवीवर काळे ढग उतरलेत, वारा थांबलाय, “इट’स गोइंग टु रेन.” पुरावा नाही, नुसतं मत किंवा अनुभव आहे, तर “विल”: “आय थिंक इट’ल रेन ड्युरिंग द जत्रा.” “बहुतेक” म्हणायचं तर “प्रॉबेब्ली”, आणि त्याची जागा बघा. होकारात ते “विल”च्या नंतर येतं (ही’ल प्रॉबेब्ली कम), नकारात “वोन्ट”च्या आधी (ही प्रॉबेब्ली वोन्ट कम). “कदाचित” म्हणायचं असेल तर “विल” सोडून द्या, “मे” किंवा “माइट” घ्या. आपलं सैल “येईन” इंग्रजीत बहुधा इथेच बसतं: “आय माइट कम.” लग्नाच्या यजमानाला “आय’ल कम” म्हणालात, तर तो ताट पक्कं धरील.

नकारार्थी अंदाजात मराठीची सवय कामी येते. “तो येईल असं वाटत नाही” यात आपण “नाही” वाटण्याला लावतो, येण्याला नाही. इंग्रजीही तेच पसंत करते: “आय डोन्ट थिंक ही’ल कम.”

अंदाज आत्ताच्या गोष्टीबद्दलही असतो. सकाळी रस्त्यावर सायकलचा भोंगा वाजला: “पोदेर असेल.” इंग्रजीत, “दॅट’ल बी द बेकर.” पोदेर उद्या नाही, दारातच आहे, पण पाहिलेला नाही, म्हणून “असेल”, म्हणून “विल”. दोन्ही भाषांना इथे एकच युक्ती सुचली आहे.

“जेव्हा” की “कधी”? “तर” की “का”?

“व्हेन आय विल रीच होम, आय विल कॉल यू.” परीक्षेतही, मुलाखतीतही, साहेबांच्या ईमेलमध्येही हे वाक्य असतं. नियम असा: व्हेन, इफ, बिफोर, आफ्टर, अंटिल, ॲज सून ॲज, अनलेस यांनी सुरू होणाऱ्या, वेळ किंवा अट सांगणाऱ्या भागात “विल” येत नाही, साधा वर्तमानकाळ येतो. “विल” फक्त दुसऱ्या, मुख्य भागात: “व्हेन आय रीच होम, आय’ल कॉल यू.”

ही चूक होते, कारण आपण “मी घरी पोचेन तेव्हा फोन करीन” असं दोन्हीकडे भविष्यकाळ घालून म्हणू शकतो. पण मराठीतली दुसरी, जास्त बोलकी पद्धत आठवा: “घरी पोचलो की फोन करतो.” “पाऊस पडला तर जाणार नाही.” इथे आपणही भविष्यकाळ टाळतो, भूतकाळाचं रूप घेतो. इंग्रजी त्याच जागी वर्तमानकाळाचं घेते, एवढाच फरक. म्हणून इंग्रजी वाक्य करण्याआधी मनातलं मराठी वाक्य “की” किंवा “तर” लावून म्हणा. पहिल्या भागातून “ईन”, “ईल” आपोआप गळून पडतात आणि इंग्रजीत “विल” घुसायला जागा उरत नाही.

आता यातला सापळा. “आय डोन्ट नो व्हेन ही विल कम” हे वाक्य बरोबर आहे. नियम पाठ केलेला हुशार विद्यार्थी नेमका इथे “विल” खोडतो आणि गुण घालवतो. हा “व्हेन” “जेव्हा” नाही, “कधी” आहे: तो कधी येईल मला माहीत नाही. कसोटी हीच. मराठीत “जेव्हा” किंवा “की” बसत असेल तर “विल” नको. “कधी” बसत असेल तर “विल” हवं. “इफ”चंही तसंच. “तर” बसलं तर “विल” नको: “इफ ही कम्स, आय’ल टेल हिम.” “का” बसलं तर “विल” हवं: “आस्क हर इफ शी’ल कम”, म्हणजे येशील का विचार तिला. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, आपल्याकडे दोन वेगळे. या ठिकाणी मराठी माणूस इंग्रजापेक्षा सुखी आहे.

“अंटिल”ला मात्र मराठीच आडवी येते. “तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबतो” यात आपण एक “नाही” घालतो. ते “नाही” इंग्रजीत गेलं की “आय’ल वेट अंटिल यू डोन्ट कम” असं विचित्र वाक्य तयार होतं, म्हणजे तू न येईपर्यंत थांबतो! “अंटिल”च्या पोटात तो नकार आधीच आहे. “आय’ल वेट अंटिल यू कम.”

चालू असेल, झालेलं असेल

“विल बी” आणि पुढे “आयएनजी”: ठरावीक क्षणी काम मध्यावर असेल. “ॲट टेन टुमॉरो, द चिल्ड्रन विल बी रायटिंग देअर पेपर.” मराठीत “लिहीत असतील”, तंतोतंत. त्याचा दुसरा उपयोग मात्र शाळेत क्वचित शिकवला जातो आणि व्यवहारात फार लागतो: आडून, सभ्यपणे विचारायला. “विल यू यूझ द हॉल ऑन संडे?” यात “वापरशील का, हो की नाही” असा रोख येतो. “विल यू बी यूझिंग द हॉल ऑन संडे?” म्हणजे तुमचं काय ठरलंय एवढंच विचारतोय, दबाव नाही. देवळाच्या सभागृहाची चौकशी दुसऱ्या वाक्याने करावी. नो, बिलीव्ह, बिलाँग अशा, कृती नव्हे तर स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना हे रूप लावू नका. “यू विल बी नोइंग हिम” हे “तुम्ही त्यांना ओळखत असाल”चं भाषांतर आहे, इंग्रजीत नुसतं “यू’ल नो हिम”.

“विल हॅव” आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप: त्या वेळेपर्यंत काम संपलेलं असेल. “बाय एट, द फेरी विल हॅव लेफ्ट.” कर्ता “ही” असो वा “शी”, “हॅव”च, कारण “विल”च्या पुढे सगळंच मूळ रूपात. “विल हॅज” आणि “विल हॅड” दोन्ही चूक.

हे रूप बिघडतं ते बहुतेक वेळा “पर्यंत”मुळे. मराठी “सोमवारपर्यंत” इंग्रजीत दोन ठिकाणी फुटतं. सोमवारच्या आत एकदाच होऊन जाईल ते “बाय मंडे”. सोमवारपर्यंत सलग चालू राहील ते “अंटिल मंडे”. अर्ज सोमवारपर्यंत द्यायचा, तर “बाय”. प्रदर्शन सोमवारपर्यंत उघडं, तर “अंटिल”. “सबमिट द फॉर्म टिल मंडे” याचा अर्थ सोमवार उजाडेपर्यंत अर्ज देतच राहा असा होतो. मराठीत “आत” हा शब्द चालतो का ते बघा. “सोमवारच्या आत” म्हणता येत असेल तर “बाय”.

उरलं ते सगळ्यात लांबलचक: “विल हॅव बीन” आणि “आयएनजी”. अमुक वेळ आली की काम किती काळ चालू असेल, याचा हिशेब. गोव्यात ट्रॉलरना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते, म्हणजे 61 दिवस. मालीमच्या जेटीवरची बोट पाहून सांगायचं तर: “बाय द एंड ऑफ जुलै, धिस बोट विल हॅव बीन स्टँडिंग हिअर फॉर सिक्स्टी-वन डेज.” वर्षातून चार वेळा लागलं तर खूप, परीक्षेपुरतं येऊ द्या.

“शॅल”, “अबाउट टु” आणि “वुड”

“आय आणि वुईला शॅल, बाकीच्यांना विल” हा नियम बऱ्याच जुन्या व्याकरणांत भेटतो. तो जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने 1653 साली लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला होता. आज बोलण्यात सगळ्यांना “विल”च चालतं. “शॅल” दोन जागी मात्र जिवंत आहे. एक, समोरच्याची मर्जी विचारताना किंवा सुचवताना: “शॅल आय ओपन द विंडो?” म्हणजे “खिडकी उघडू का?”, आणि “शॅल वुई गो?” म्हणजे “जाऊ या का?”. मराठीतल्या “ऊ का”शी हे “शॅल” बऱ्याचदा जुळतं. दोन, कायद्याच्या कागदात: “द टेनंट शॅल पे”, भाडेकरूने भाडं दिलंच पाहिजे. इथे “शॅल”चा जुना “देणं लागतो” अर्थ शब्दशः उभा आहे, म्हणून भाडेकरार वाचताना या शब्दाखाली बोट ठेवून वाचा.

अगदी एवढ्यात होणार असेल तर “अबाउट टु”: “द बस इज अबाउट टु लीव्ह”, बस सुटायच्या बेतात आहे. त्याला वेळेचा शब्द जोडायचा नाही. “अबाउट टु लीव्ह ॲट सेव्हन” म्हणत नाहीत.

भूतकाळातून पाहिलेला भविष्यकाळही असतो. “जाणार होतो” म्हणजे “आय वॉज गोइंग टु गो”, आणि ऐकणारा दोन्ही भाषांत “पण” या शब्दाची वाट पाहतो. दुसऱ्याचं बोलणं सांगताना “विल”चं “वुड” होतं: “ही सेड ही वुड कम.” आपण मराठीत माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, “येईन म्हणाला”, त्यामुळे इंग्रजीत “ही टोल्ड दॅट आय विल कम” असं निघतं आणि येणारा कोण, तो की मी, याचाच पत्ता लागत नाही. कर्ता बदला, मग “विल”चं “वुड” करा. ती वेळ अजून यायची असेल तर “विल” तसंच ठेवलं तरी चालतं.

आता नोकरीच्या मुलाखतीआधी पाठवला जाणारा नेहमीचा संदेश दुरुस्त करू:

“सर, आय ॲम कमिंग फॉर द इंटरव्ह्यू ऑन मंडे. व्हेन आय विल रीच मडगाव, आय कॉल यू. आय विल वेट अंटिल यू डोन्ट कम. आय ॲम सेंडिंग माय सर्टिफिकेट्स टिल फ्रायडे.”

पहिलं वाक्य बरोबर: वेळ ठरली आहे, दिवस दिला आहे. दुसऱ्यात “विल” चुकीच्या घरात आहे, ते उचलून शेजारी ठेवा: “व्हेन आय रीच मडगाव, आय’ल कॉल यू.” तिसऱ्यातला “डोन्ट” खोडा: “आय’ल वेट अंटिल यू कम.” चौथ्यात प्रमाणपत्रं शुक्रवारच्या आत एकदाच जाणार आहेत, म्हणून “बाय फ्रायडे”. आणि क्रियापद? “आय’म गोइंग टु सेंड” व्याकरणात बसतं, पण त्यातून साहेबांना तुमचा बेत तेवढा कळतो. त्यांना शब्द हवा आहे, म्हणून “आय’ल सेंड माय सर्टिफिकेट्स बाय फ्रायडे.”